नदी वाहते तिकडं उगवत

१४ मे १९७८, रविवार. कोल्हापूर

वसंताचं पत्र आलं. सोबत जर्मनीच्या विमानाची दोन तिकिटं. मी तिकिटंच तीनदा वाचली, पत्र नंतर. तिथंच चुकलो. पत्राच्या शेवटी, जिथं एरवी 'आईला नमस्कार' असतो, तिथं लिहिलंय —

"दोन महिने माझ्याकडं राहा. परत गेल्यावर मात्र मंगळवार पेठेत दोघंच राहू नका. विमलाताईशी बोललोय. पुण्यात तिची वरची खोली रिकामी आहे. भाऊसोकाकांना घरासाठी भाडेकरू बघायला सांगितलंय."

सांगितलंय! विचारलंय नव्हे. आणि भाऊसो — भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस, रोज सकाळी माझ्या दारात बसून माझा पेपर वाचणारा — त्यानं आठ दिवस हे पोटात ठेवलं.

दिवाळीत न्हाणीत घसरून पडलो, खुब्याला मुका मार बसला. तेवढ्यावरून हे सगळं. मी सदतीस वर्षं मोजणीदार होतो. कागलचे माळ, कुरुंदवाडच्या नदीकाठच्या मळ्या, गडहिंग्लजची शेतं — साखळी टाकत पायी मोजली. दिशा कधी चुकलो नाही. आणि आता मला खोली रिकामी आहे म्हणून कळवतात.

हिला वाचून दाखवलं. ही शेंगा फोडत होती. म्हणाली, "लेकीच्या घरात चार दिस ऱ्हावं. पाचव्या दिशी चहा कडू लागतो."

मग विचारलं, "तिथं कुटलं गाव हाय जवळ?"

म्हटलं, कोलन.

"युडीकोलनचं?"

"तेच."

हिच्या हातातली शेंग तशीच राहिली. वसंताला सातव्या वर्षी मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस. त्याच्या कपाळावर युडीकोलनच्या घड्या घालत ही बसून होती. तो वास आमच्या घरात वर्षभर होता. म्हणाली, "मग त्ये गाव बघायचं. त्येचं माज्यावर उपकार हाईत."

१७ मे

भाऊसोशी बोलत नाही. पेपर दुसऱ्याच्या दारात वाचतोय. तिथं त्याला चहा मिळत नाही!

९ जून, शुक्रवार. वसंताचं घर

पोचलो. आकाशातून समुद्र पाहिला. कागलच्या शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता एकदम ओठांवर आल्या, कुठली म्हणावी कळेना. हिला म्हटलं, बघ, बघ. ही म्हणाली, "तुमी बघा. मी डोळं मिटून देवाचं नाव घेते. एकानं तरी जागं ऱ्हायला पायजे."

वसंताचं गाव लहान. ओतकामाचा कारखाना (वसंत तिथंच भट्टीवर असतो), एक चर्च, एक स्टेशन. सून अंजना गडहिंग्लजची, तिनं कपाटात शेंगदाण्याची चटणी जपून ठेवली होती. वास आला आणि मी जर्मनीत आहे हे विसरलो.

२ जुलै, रविवार

आज विषय निघाला. जेवताना. वसंत म्हणाला, "आबा, ऑगस्टमध्ये परत गेलात की सरळ पुणे. भाडेकरू जवळपास ठरलाय."

मला भांडता येत नाही. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो, आणि मनात कागलची शाळा आली. आमचे गुंडू मास्तर भूगोल कवितेत शिकवत. स्वतः रचत, स्वतः चाल लावत. बाहेर पाऊस असो, दुष्काळ असो, आम्ही पन्नास पोरं एका सुरात म्हणायचो —

*उगवतीला पाठ करुनी उभा राहा तू मुला,*
*उजव्या हाती उत्तर, डाव्या दक्षिण भेटे तुला;*
*मेघांनी जर सूर्य झाकला, नदीस जा तू शरण,*
*नदी वाहते तिकडे उगवत, विसरू नको आमरण!*

आमरण विसरलो नाही. याच चार ओळींवर नोकरी केली. ढगाळ दिवशी नदीकाठी उभं राहायचं, पाणी कुठं जातं बघायचं, की झाली पूर्व. दूधगंगेनं, पंचगंगेनं, कृष्णेनं कधी फसवलं नाही.

तर मी कवितेत आणि वसंत हिशेब सांगत होता — माझं वय, हिचं वय, डॉक्टर किती लांब. तेवढ्यात ही म्हणाली, "वसंता, बाजारात बैल सुदिक चालवून बघत्यात. आमाला न बघताच इकाया काढलंस व्हय?"

वसंत हसला. "चालवून बघू म्हणजे कसं, आई?"

"एक दिस आमाला दोघास्नी सोड. तुज्या त्या कोलन गावात. संगं कोन नको. सांजच्याला आपल्या आपन आलो तर घराचं नाव काढायचं न्हाय."

अंजना म्हणाली, "आत्या, तिथं कुणाला इंग्रजीसुद्धा येत नाही."

"मग बरंच की. मला बी येत न्हाय. बरोबरी झाली."

वसंतानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ठीक. पावणेसहाच्या गाडीनं निघायचं, पावणेसातला इथल्या फलाटावर दोघं उतरायचं. मधे मला फोन करायला लागला तर पुणे."

"ठरलं," ही म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही!

११ जुलै, मंगळवार

उद्या. अंजनानं घराचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद दिला. हिनं पदराला गाठ मारून ठेवला. म्हणाली, "ही गाठ सोडली की घर गेलं."

मी नकाशा पाठ केला. मोठं देऊळ — चर्चच ते, पण ही देऊळच म्हणते — स्टेशनाला लागून. पलीकडं ऱ्हाइन नदी. नदीच्या काठी बोटींचा धक्का. इतकं सोपं गाव कुरुंदवाडसुद्धा नाही.

१२ जुलै, बुधवार

सकाळी सात. निघतोय. दशम्या, चटणी, छत्री. वसंत भट्टीवर गेला, आमच्याआधीच. आकाश भरून आलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

जिंकलो! पावणेसातला फलाटावर पाय ठेवला. घर राहिलं. उद्या सगळं लिहीन.

१३ जुलै, गुरुवार

आता खरं लिहितो. ही वही कुणी वाचत नाही.

सकाळ चांगली गेली. उगाच चांगली नव्हे — राजासारखी. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि समोर ते देऊळ! मान मागं टाकली तर टोपी पडली. दोन शिखरं, काळी, ढगात घुसलेली. बांधायला सहाशे वर्षं लागली म्हणतात. हिला सांगितलं. म्हणाली, "आपल्या गल्लीतली मोरीच म्हना की." आत गेलो. रंगीत काचांतून उजेड खाली उतरला होता, हिच्या पांढऱ्या केसांवर निळा, तांबडा. मला वाटलं, आता एखादी ओळ म्हणावी. हिच्याकडं पाहिलं तर ही दगडाला हात लावून बघत होती, लिंपण कसं केलंय म्हणून.

हे माझं जुनं दुखणं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी चुलीपाशी, पुढं गॅसपाशी, मी कविता म्हणतो. ही कधी 'वा' म्हणाली नाही. 'झालं तुमचं सुरू', एवढंच. कवितेतला एकही शब्द हिच्या कानाच्या आत गेला नाही असंच मी धरून चाललो होतो.

हिनं तिथं मेणबत्ती लावली. "देव कुटला का असंना, उजेड आपला," म्हणाली.

मग नदी. बापरे, काय नदी! पंचगंगा पुरात असते तेवढी रोजच. काठावर बसून दशम्या खाल्ल्या. एक म्हातारा जर्मन कुत्रा घेऊन आला, आमच्याकडं बघून टोपी काढली. हिनं त्याला अर्धी दशमी दिली. त्यानं खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं — चटणीचं — आणि त्यानं परत टोपी काढली. बोटीतून तासभर फिरलो. ही कठड्याला धरून उभी, पदर फडफडतोय, तोंडावर वारा. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा जे तोंड पाहिलं होतं, तेच दिसलं. मी दिशा ठरवून घेतली होती. सूर्य नव्हता, म्हणून मास्तरांचं ऐकलं. पाणी वाहतं तिकडं उगवत. पक्कं.

तीनला धक्क्यावर उतरलो. तिकिटांच्या खोलीशेजारी खांबांची रांग आहे, तिथं बाक. ही म्हणाली, "माजं पाय दुखाय लागलं. पाच वाजोस्तर हितंच बसू." तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ज्या गावात युडीकोलन जन्मलं, तिथली बाटली हिला द्यावी. न सांगता. म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो. ही म्हणाली, "हरवलासा तर?" मी हसलो. म्हणालो, मोजणीदार हरवत नसतो, जमीन हरवते. ही म्हणाली, "जोतिबाच्या जत्रेत काय सांगून ठेवत्यात? चुकलं तर दीपमाळंखाली हुबं ऱ्हायाचं. आपली दीपमाळ हा बाक."

नदीकडं पाठ करून निघालो. मास्तरांच्या हिशेबानं उत्तरेला. पावलं मोजत. सातशे चाळीस पावलांवर दुकान सापडलं. बाईनं मनगटावर एक थेंब टाकला. डोळे मिटले आणि वसंता सात वर्षांचा, कपाळावर घडी, ही त्याच्या उशाशी — तसाच उभा राहिलो. बाई काळजीनं पाणी घेऊन आली!

बाटली खिशात घालून बाहेर आलो तर ऊन पडलं होतं. लख्ख. गल्ल्या सगळ्या सारख्या. पण मला काय त्याचं? सूर्य मावळतीला, मग दक्षिण इकडं. उत्तरेला आलो होतो, दक्षिणेला जायचं. सातशे चाळीस पावलं. चाललो.

सातशे चाळीसाव्या पावलाला नदी नव्हती. एक भिंत होती.

मी अजून शंभर टाकली. मग दोनशे. मग मोजणं सुटलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. एका भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि मास्तरांची कविता म्हणून बघितली, पहिल्यापासून. उजवा हात, डावा हात. शेजारून जाणाऱ्या पोरी हसल्या. नदी एक दिशा सांगत होती, सूर्य दुसरी सांगत होता. दोघांतला एक खोटा. आणि मग शाळेच्या भिंतीवरचा युरोपचा नकाशा डोळ्यांसमोर आला. ऱ्हाइन वर जाते. उत्तरेला! पूर्वेला नाहीच. मास्तर कधी कृष्णेच्या पलीकडं गेले नव्हते. त्यांना ज्या नद्या ठाऊक, त्या सगळ्या पूर्वेला जाणाऱ्या. त्यांची काय चूक. चूक माझी — नकाशा मला पाठ होता, पण कविता त्याहून जास्त पाठ होती.

घड्याळात साडेचार. घामानं सदरा भिजला. कोल्हापूरचं घर डोळ्यांसमोरून सरकायला लागलं. दाराची कडी, तुळशीचा कट्टा, भाऊसोचा खोकला. भाडेकरू कोण असेल ते सुद्धा दिसायला लागलं. हिला काय वाटत असेल? वाट बघून गाठ सोडली असेल? सोडावीच. म्हातारी बाई परक्या गावात एकटी किती वेळ बसणार.

एका फुलवाल्या बाईला हातानं लाटा करून दाखवल्या. तिनं आधी मासा समजून डोकं हलवलं. मग कळलं. "राईन! राईन!" म्हणाली आणि बोट दाखवलं. पळत गेलो. नदी भेटली. पण धक्का नाही. वर आहे की खाली? इकडं बघतो, काठ. तिकडं बघतो, काठ. शिखरं पुढच्या उंच इमारतींनी झाकलेली. पाच वाजायला आले.

तेवढ्यात भोंगा वाजला. बोटी सुटताना सांगतात तो. टिंग-टाँग. मी लक्ष दिलं नाही. जर्मन काहीतरी. मग थोडी खरखर. आणि मग नदीवरून, साऱ्या कोलन गावाच्या डोक्यावरून, आवाज आला —

*"कोलनच्या काठावर नावा लागल्या दोन,*
*हंबीररावांना माज्याबिगर वाट दावील कोन?"*

मी जागच्या जागी खिळलो. हंबीरराव म्हणजे मी. हे नाव हिच्या तोंडून मी आयुष्यात दोनदा ऐकलं. लग्नात एकदा, वसंताच्या लग्नात एकदा. दोन्ही वेळा उखाण्यातच, पदराआडून, पुटपुटत. आणि आता भोंग्यावर!

आवाज डावीकडून आला होता. तिकडं निघालो. गर्दीत पुन्हा गोंधळलो, दोन वाटा फुटल्या. थांबलो. परत टिंग-टाँग.

*"दगडाचं देऊळ उंच, त्याला शिखरं जोडी,*
*हंबीरराव, पाय उचला, पावनेसाची गाडी!"*

पाय उचलले! खुबा, वय, डॉक्टर, सगळं गेलं. लोक थांबून भोंग्याकडं बघत होते. एकानं विचारलं काहीतरी, मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "माय वाइफ! माय वाइफ!" तो बाजूला झाला, इतरांनाही बाजूला केलं. धक्का दिसायला लागला आणि तिसरा आला. जरा हळू. जरा वेगळा —

*"चाळीस वर्सं त्येंच्या कविता ऐकल्या चुलीपाशी,*
*हंबीररावांसंगं ऱ्हायाचं मला आपल्याच दारापाशी."*

मी पोचलो तेव्हा ही खोलीच्या दारात उभी होती आणि खांबांच्या रांगेकडं बघून हातानं 'मागं हो, मागं हो' करत होती. मला बघून हात खाली घेतला. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, "कबुतरं. मघापास्नं अंगावर येत्यात."

रडली नाही. रागावली नाही. पदर बघितला. गाठ तशीच.

गाडीत सगळं सांगितलं तिनं. साडेचार वाजले तरी मी येईना, तेव्हा जत्रा आठवली. जत्रेत माणूस चुकलं की भोंग्यावर पुकारतात. बोटीवाल्यांचा भोंगा मघाशी ऐकलाच होता. खोलीत शिरली. आतल्या पोरीला खुणेनं सांगितलं — मिशा दाखवल्या, टोपी दाखवली, हात हवेत फिरवून 'गेला' असं दाखवलं. पोरीला कळलं. तिनं भोंग्याचं बटण धरलं आणि विचारलं, "नेम?"

"आता नाव कसं घेनार?" ही म्हणाली. "पोरगी म्हनती नेम, नेम. मी मान हलवते. तिला वाटलं मला नवऱ्याचं नावच ठावं न्हाय. शेवटाला तिनं मला आत वढलं आनि भोंगाच तोंडाफुडं धरला. म्हटलं, आता घ्यायचं तर रीतीनं घ्यावं."

"पण तीन? एकच पुरला असता."

"एका हाकंत तुमी कदी आलाय? आनि सारका त्योच घेतला तर लोक काय म्हनतील? दुसरा येत न्हाय म्हनतील की."

"आणि हे जुळवलंस कधी?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बेचाळीस वर्सं ऐकत्येय. आडात असंल त्ये पोहऱ्यात येनार न्हाय व्हय?"

मी बाटली काढून तिच्या हातात ठेवली. तिनं टोपण उघडलं, वास घेतला, बराच वेळ. मग म्हणाली, "ताप कुनाला आलाय?" आणि हसली. बंद केली आणि पदराच्या गाठीशेजारी दुसरी गाठ मारून त्यात बांधली.

फलाटावर वसंत उभा होता. आमच्या डब्याच्या दाराशीच. "आलात?" म्हणाला.

"आलो की," ही म्हणाली. "फोन केला का तुला कोनी?"

"नाही."

"मग?"

वसंत वाकला, हिच्या पाया पडला. फलाटावर, सगळ्यांसमोर. त्याचं नाक उन्हानं लाल झालं होतं. भट्टीवर काम करणाऱ्याला ऊन कुठलं लागलं, असं मी विचारणार होतो, पण आनंदात राहून गेलं.

मी हरवलो होतो हे हिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

१६ जुलै, रविवार

वसंतानं माझ्यासमोर भाऊसोला पत्र लिहिलं. 'भाडेकरू बघू नका. आई-आबा तिथंच राहणार आहेत.' मी पाकीट स्वतः पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला तेव्हा हललो.

२७ ऑगस्ट, रविवार. कोल्हापूर

घरी येऊन आठवडा झाला. कडी तीच, तुळस भाऊसोनं जगवली. दारात आला, म्हणाला, "पावणं, पेपर आलाय का?" मी म्हटलं, आलाय, बैस. झालं भांडण.

आज मात्र एक पाप केलं. कोलनची गोष्ट सांगत होतो. भाऊसो, त्याची बायको झुंबरबाई, गल्लीतली चार माणसं. सांगता सांगता तोंडून निघून गेलं — "ही चुकली, मी शोधली." का म्हणालो कुणास ठाऊक. मोजणीदाराची जीभ ती. सगळे म्हणाले, "व्हय, बायकामाणूस, परदेश." ही आतून चहा घेऊन येत होती. सगळं ऐकलं. कप ठेवले.

माझ्या कपात साखर नव्हती.

२८ ऑगस्ट, सोमवार

सकाळीच भाऊसोला हाक मारली. झुंबरबाईलाही बोलावलं. म्हटलं, काल खोटं बोललो. मी चुकलो, हिनं शोधलं. मग नदीची चूक सांगितली, मास्तरांची कविता म्हणून दाखवली, आणि हिचे तिन्ही उखाणे, जसेच्या तसे, उभा राहून म्हटले. चाल लावून!

भाऊसो हसून हसून खोकला. "हंबीरराव, तुला साऱ्या जर्मनीत बायकोनं नाव घिऊन पुकारला?"

"तीनदा," मी म्हटलं. "आणि तुझं तुझ्या गल्लीत एकदाबी नाही."

झुंबरबाई आत हिच्याकडं पळाली. "वहिनी, त्यो दुसरा सांगा की परत, लेकीच्या हळदीला पायजे. देवळाच्या जागी अंबाबाई घालते."

आजचा चहा गोड होता. फार गोड.

१४ डिसेंबर, गुरुवार

झुंबरबाईच्या लेकीची हळद. पोरीनं उखाणा घेतला. 'अंबाबाईचं देऊळ उंच, त्याला शिखरं जोडी...' बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, कुणाचा गं हा? झुंबरबाईनं हिच्याकडं बोट केलं. ही मान खाली घालून हळद कालवत राहिली. मी दाराबाहेर होतो. आयुष्यभर कविता म्हणत आलो, एक रचता आली नाही. हिची गल्लीत चालू झाली.

२१ डिसेंबर, गुरुवार

वसंताचं पत्र. लिहितो — "आबा, आता सांगतो. त्या दिवशी मी भट्टीवर नव्हतो. सकाळपासून तुमच्या मागं होतो. तुम्ही गल्लीत वळलात आणि गर्दीत माझ्याही हातून हुकलात. आईपाशी जायला निघालो तर तिनं मला खांबाआड पाहिलं आणि हातानंच मागं सारलं. मग ती त्या खोलीत शिरली. पहिले दोन उखाणे तुमच्यासाठी होते. तिसरा तिनं खोलीच्या काचेतून माझ्याकडं बघून घेतला. मी पैज त्या वेळी हरलो, फलाटावर नव्हे."

पत्र हिला वाचून दाखवलं. ही तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, "कबुतरंच ती."

सोनूबाई. या वहीत पहिल्यांदाच नाव लिहिलं. दुपारपासून बसलोय, उखाणा जुळत नाही.